धुराड्याचा जमाखर्च

विजेच्या तारा कृष्णाकाठच्या मळ्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वी, वाईपासून मिरजेपर्यंतच्या टापूत उन्हाळ्याच्या दिवसांत रानारानांतून जो आवाज अखंड ऐकू येई तो तेलइंजिनाचा. आणि त्या इंजिनाची प्रकृती कशी आहे हे, ज्याने आयुष्यात रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले नाही असा मिस्त्रीही धुराच्या रंगावरून बिनचूक सांगे. धूर पांढरा असेल तर तेल पेट न घेताच बाहेर पडते आहे, निळसर असेल तर वंगणाचे तेल सिलिंडरात शिरून जळते आहे, आणि काळा असेल तर इंजिनाला हवा पुरत नाही किंवा नोझल तेलाचा नीट फवारा मारत नाही, हे त्याचे निदान आजही मोडीत निघालेले नाही. परंतु काळा धूर हा अपुऱ्या ज्वलनाचा केवळ दृश्य भाग होय. त्याच्यासोबत, आणि कित्येकदा त्याच्याशिवायही, कार्बन मोनॉक्साइड हा जो रंगहीन, गंधहीन आणि प्राणघातक वायू बाहेर पडतो, त्याचा सुगावा डोळ्यांना किंवा नाकाला लागत नाही. तो गणिताला लागतो. किती तेल जाळले आणि किती हवा दिली एवढ्या दोन गोष्टींवरून धुराड्याच्या तोंडाशी कोणता वायू किती असेल हे काढण्याची, आणि उलट धुराड्यातील वायूचे पृथक्करण करून आत हवा किती शिरली होती हे ताडण्याची जी रीत आहे, ती या प्रकरणात सांगावयाची आहे. बेरीज, वजाबाकी आणि त्रैराशिक ज्याला येते त्याला ती खचित साध्य होईल.

हा विषय सातारा-सांगलीच्या भूमीवर उभे राहून सांगण्यास विशेष औचित्य आहे. साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि आसपासच्या विलीन संस्थानांचा मुलूख मिळून १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि त्यालाच १९६० साली सांगली हे नाव मिळाले. पण जिल्ह्यांच्या या वाटण्या होण्याच्या कितीतरी आधी या मुलखाने यंत्रविद्येशी सोयरीक जोडली होती. औंध संस्थानच्या हद्दीत कुंडलजवळच्या खडकाळ माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि तेथून लोखंडी नांगर व पाण्याचे पंप शेतकऱ्यांच्या दारी जाऊ लागले. त्याच घराण्याने पुढे १९४६ साली पुण्यात तेलइंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला. इकडे कोरेगाव तालुक्यात सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३०च्या दशकातच डिझेल इंजिन तयार होऊ लागले होते. हे कूपर म्हणजे १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान असलेले तेच गृहस्थ. रुडॉल्फ डिझेलने आपल्या कल्पनेचे पेटंट १८९२ साली मागितले आणि त्याचे समाधानकारक चालणारे इंजिन १८९७ साली जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे सिद्ध झाले, हे लक्षात घेतले म्हणजे चाळीस वर्षांच्या आत ती विद्या साताऱ्याच्या माळावर येऊन पोहोचली, ही गोष्ट किती अभिमानास्पद आहे हे ध्यानात येते. इंजिने घडवण्याची विद्या आपल्याकडे आली. धुराचा हिशेब मांडण्याची विद्या मात्र महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतच राहिली आणि इंजिन वापरणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत ती कोणी नेली नाही, याची खंत वाटते.

आता हिशेबाकडे वळू. कोणत्याही ज्वलनात अणू नवे निर्माण होत नाहीत आणि नष्टही होत नाहीत. जे आत गेले ते सर्व, रूप पालटून का होईना, बाहेर आलेच पाहिजे. म्हणून जुन्या कुळकर्ण्याच्या दप्तरात जमेची बाजू आणि खर्चाची बाजू जशी पैपर्यंत जुळावी लागे, तशीच येथे कार्बनची, हायड्रोजनची, प्राणवायूची आणि नत्रवायूची अशी चार खाती स्वतंत्रपणे जुळवावी लागतात. चारही खात्यांची रुजवात पडली की उत्तर हाती येते.

जमेच्या बाजूला एक किलोग्रॅम तेल घ्यावे. डिझेल किंवा तत्सम इंधनतेल हा एकच पदार्थ नसून शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते, तथापि वजनाने पाहता त्यात सुमारे ८६ टक्के कार्बन आणि १३-१४ टक्के हायड्रोजन असतो. थोडा गंधक असतो, तो येथे बाजूस ठेवू. आकडेमोड सुटसुटीत व्हावी म्हणून आपल्या एक किलो तेलात ८६४ ग्रॅम कार्बन आणि १३६ ग्रॅम हायड्रोजन आहे असे धरू. आता ग्रॅम सोडून मोल या मापाकडे यावयाचे. कार्बनचे १२ ग्रॅम, हायड्रोजन अणूंचा १ ग्रॅम, प्राणवायूच्या रेणूंचे ३२ ग्रॅम म्हणजे प्रत्येकी एक मोल. या मापाचा मोठा लाभ असा की, कोणत्याही वायूचा एक मोल समान दाबाला आणि समान तापमानाला सारखीच जागा व्यापतो. त्यामुळे मोलांचे प्रमाण काढले की आकारमानाचे टक्के आपोआप मिळतात. आपल्या एक किलो तेलात, या मापाने, कार्बनचे ७२ मोल आणि हायड्रोजन अणूंचे १३६ मोल झाले.

ज्वलन पूर्ण व्हावयाचे तर कार्बनच्या प्रत्येक मोलास प्राणवायूचा एक मोल लागतो आणि कार्बन डायऑक्साइडचा एक मोल बनतो. हायड्रोजनच्या १३६ मोल अणूंपासून पाण्याच्या वाफेचे ६८ मोल बनतात आणि त्यासाठी प्राणवायूचे ३४ मोल खर्च होतात. एकूण मागणी १०६ मोलांची. हवेत प्राणवायूच्या प्रत्येक मोलामागे नत्रवायूचे ३.७६ मोल येतात, ते ज्वलनात जवळजवळ भाग घेत नाहीत, पण खात्यात त्यांची नोंद अत्यावश्यक आहे, कारण पुढे उलटा हिशेब मांडताना तेच आपले साक्षीदार ठरणार आहेत. वजनाने पाहिले तर एक किलो तेलास १४.६ किलो हवा लागते. सांगलीसारख्या समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरच्या गावी, उन्हाळ्यातल्या ३० अंशांच्या हवेत, ही हवा सुमारे तेरा घनमीटर जागा व्यापते. सव्वा लिटरही न भरणारे तेल जाळण्यासाठी तेरा हजार लिटरांहून अधिक हवा ओढावी लागते, ही गोष्ट एकदा मनात ठसली की एअर फिल्टरवर धुळीचा थर साचू देणे किती महागात पडते ते निराळे सांगावे लागत नाही.

आता कल्पना करा की हवा दहा टक्क्यांनी कमी पडली. मग प्राणवायू १०६ ऐवजी ९५.४ मोलच मिळाला, तूट १०.६ मोलांची. हायड्रोजनची प्राणवायूशी ओढ अधिक असल्याने तो आपला वाटा पुरता वसूल करतो असे तूर्त धरू. म्हणजे तुटीचा सारा भार कार्बनवर पडतो, आणि ज्याला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही असा कार्बन अर्ध्या वाट्यावर समाधान मानून कार्बन मोनॉक्साइड बनतो. येथे प्रत्येक मोल कार्बन मोनॉक्साइडमागे प्राणवायूचा अर्धा मोल वाचतो. म्हणून तुटीच्या दुप्पट, म्हणजे २१.२ मोल कार्बन मोनॉक्साइड तयार झालाच पाहिजे, आणि कार्बनचे उरलेले ५०.८ मोल डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडले पाहिजेत. प्राणवायूच्या अणूंचे खाते तपासू: डायऑक्साइडमध्ये १०१.६, मोनॉक्साइडमध्ये २१.२, वाफेत ६८, बेरीज १९०.८, आणि जमेला ९५.४ ची दुप्पट तितकीच. रुजवात पडली.

नत्रवायू ९५.४ च्या ३.७६ पट, म्हणजे ३५८.७ मोल. वाफ वजा केली की कोरड्या वायूची बेरीज ४३०.७ मोल होते आणि टक्के असे पडतात: कार्बन डायऑक्साइड ११.८, कार्बन मोनॉक्साइड ४.९, नत्रवायू ८३.३. हवा अवघी दहा टक्के कमी पडली आणि धुराड्यातील प्रत्येक विसाव्या भागात विष मिसळले.

या वायूबरोबर उष्णताही फुकट जाते. कार्बनचा एक मोल पूर्ण जळला तर ९४ किलोकॅलरी उष्णता देतो. मोनॉक्साइडपर्यंतच जळला तर जेमतेम २६. उरलेल्या ६८ किलोकॅलरी त्या वायूच्या पोटात अडकून धुराड्यातून निघून जातात. वरच्या उदाहरणात २१.२ मोलांमागे १,४०० किलोकॅलरींहून अधिक उष्णता गेली, आणि तेलाची एकूण उष्णता किलोमागे सुमारे १०,३०० धरली तर हे नुकसान जवळजवळ १४ टक्के भरते. शंभर लिटर डिझेल विकत घेऊन चौदा लिटर ओढ्यात ओतणारा शेतकरी कोणी पाहिला नसेल, पण हवा तोडलेला बर्नर नेमके हेच करीत असतो.

चिकित्सक वाचक येथे एक हरकत घेईल आणि ती रास्त आहे. हायड्रोजन आपला वाटा पुरता वसूल करतो हे गृहीत पूर्णांशाने खरे नाही. तप्त वायूत वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड यांची आपापसांत देवघेव चालू असते. मोनॉक्साइड वाफेकडून प्राणवायू घेऊन डायऑक्साइड बनतो आणि हायड्रोजन मोकळा सुटतो, तर कधी उलटही होते. चौदाशे-साडेचौदाशे अंश सेल्सिअसच्या आसपास ही देवघेव थिजते असे मानण्याचा प्रघात आहे, आणि त्या तापमानाला मोनॉक्साइड व वाफ यांचा गुणाकार हा डायऑक्साइड व हायड्रोजन यांच्या गुणाकाराच्या साडेतीनपट असतो. चार खात्यांना ही पाचवी अट जोडली की एक वर्गसमीकरण मिळते, ते सोडवले की मुक्त हायड्रोजन ५.१५ मोल, मोनॉक्साइड १६.०५ आणि डायऑक्साइड ५५.९५ मोल येतो. टक्क्यांत पाहता मोनॉक्साइड ४.९ वरून ३.७ वर उतरतो, डायऑक्साइड १२.८ होतो आणि हायड्रोजन १.२ टक्के दिसू लागतो. मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांची बेरीज मात्र २१.२ मोलच राहते, म्हणजे पुन्हा तुटीच्या बरोबर दुप्पट. प्राणवायूची तूट दोघांनी वाटून घेतली, तरी तुटीची रक्कम बदलली नाही. माझ्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट हीच आहे.

इतका वेळ आपण हवेची सरसकट तूट धरली. डिझेल इंजिनात किंवा भट्टीच्या बर्नरमध्ये प्रत्यक्षात असे क्वचितच घडते. तेथे हवा मागणीपेक्षा जास्तच दिलेली असते आणि तरीही मोनॉक्साइड व काजळी निघते. याचे कारण असे की, तेल वायुरूपाने हवेत आधी मिसळून येत नाही. नोझलमधून ते बारीक थेंबांच्या फवाऱ्याने येते. फवाऱ्याच्या गाभ्यात तेल फार व हवा थोडी, तर कडेला हवा फार व तेल थोडे, अशी विषमता असते, आणि ही विषमता मोडण्यास अवधी अत्यल्प मिळतो. मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणाऱ्या जुन्या संथ इंजिनात दट्ट्याची एक खेप सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याहून कमी वेळात संपते. पंधराशे फेऱ्यांच्या इंजिनात पन्नासाव्या हिश्श्यात. तेवढ्यात जो थेंब हवेला भेटला नाही तो अर्धवट जळून बाहेर पडतो. कराडजवळच्या ओगलेवाडीत बनलेला प्रभाकर कंदील ज्यांनी वापरला आहे त्यांना ठाऊक असेल, की खोलीत हवा हवी तितकी असूनही वात फाजील वर केली की काच काळवंडते. कारण हवा खोलीत असून भागत नाही, ती ज्योतीच्या पोटात वेळेवर पोहोचावी लागते.

अशा वेळी किती कार्बन अर्धवट जळला हे केवळ तेल आणि हवा मोजून काढता येत नाही. धुराड्यातील वायूच तपासावा लागतो. त्यासाठी ऑरसॅट नावाचे काचेचे उपकरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आले, आणि सांगलीच्या विश्रामबागेत १९४७ साली सुरू झालेल्या, पुढे वालचंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आलेल्या संस्थेसारख्या अभियांत्रिकी विद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्याच्यावर हात बसवीत आल्या. लाकडी पेटीत शंभर घनसेंटिमीटरची एक खुणा केलेली नळी उभी असते. तिच्याभोवती पाण्याचे वेष्टन, म्हणजे हवेच्या ऊनगारव्याने मापन बिघडू नये. रबरी नळीने जोडलेली पाण्याची बाटली खाली केली की वायू आत ओढला जातो, वर केली की तो पुढे ढकलला जातो. शेजारी तीन कुप्या असतात. पहिलीत दाहक पोटॅशचे द्रावण असते, ते कार्बन डायऑक्साइड शोषते. दुसरीत पायरोगॅलॉल, ते प्राणवायू शोषते. तिसरीत क्युप्रस क्लोराइड, ते कार्बन मोनॉक्साइड शोषते. हा क्रम मोडला तर सारे श्रम व्यर्थ. कारण दुसऱ्या कुपीतील द्रावण डायऑक्साइडही गिळते आणि तिसरीतील द्रावण प्राणवायूही. प्रत्येक कुपीतून वायू परत आणून बाटलीतील पाण्याची पातळी नळीतील पातळीशी लावावयाची, डोळा खुणेच्या समोर आणावयाचा आणि किती घनसेंटिमीटर घटले ते टिपावयाचे. वाचन दोनदा सारखे येईपर्यंत वायू कुपीत पुन्हा पुन्हा पाठवावयाचा. हे काम सावकाशीचे आहे आणि घाई करणाऱ्याला ते कधीच साधत नाही.

समजा, कुपवाड किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या तेलभट्टीच्या धुराड्यातून असा नमुना घेतला आणि डायऑक्साइड ११.९, मोनॉक्साइड ०.६, प्राणवायू ४.० टक्के आला; बाकी ८३.५ नत्रवायू. आता उलटा हिशेब. शंभर मोल कोरड्या वायूत कार्बन ११.९ अधिक ०.६, म्हणजे १२.५ मोल. नत्रवायू ८३.५ मोल, आणि तो हवेखेरीज कोठूनही आलेला नसल्याने, त्याला ३.७६ ने भागले की त्याच्यासोबत २२.२ मोल प्राणवायू आत आला होता हे निर्विवाद ठरते. त्यापैकी डायऑक्साइडमध्ये ११.९, मोनॉक्साइडमध्ये ०.३ आणि न वापरता राहिलेला ४.०, अशी १६.२ मोलांची नोंद सापडली. उरलेले ६.० मोल कोठे गेले? ते वाफेत गेले, आणि वाफ उपकरणात शिरताच थिजून पाणी झाल्याने नोंदीत आली नाही. म्हणजे वाफ १२ मोल, हायड्रोजनचे अणू २४ मोल, आणि कार्बनशी त्यांचे प्रमाण २४ भागिले १२.५, अर्थात १.९२. मूळ तेलात हे प्रमाण १३६ भागिले ७२, म्हणजे १.८९ होते. दोन आकडे इतके जवळ आले म्हणजे वाचन विश्वासार्ह आहे असे समजावे. ही रुजवात घेतल्याशिवाय पुढचे एकही अनुमान काढू नये.

जादा हवा किती होती हेही याच आकड्यांत दडलेले आहे. उरलेल्या ४.० मोल प्राणवायूपैकी ०.३ मोल मोनॉक्साइडला देणे होते, ते वजा करता खरी शिल्लक ३.७, मागणी २२.२ वजा ३.७, म्हणजे १८.५; आणि ३.७ ला १८.५ ने भागले की वीस टक्के जादा हवा हे उत्तर येते. कार्बनपैकी पाच टक्क्यांच्या आसपास मोनॉक्साइड झाला, म्हणजे किलो तेलामागे सुमारे ३.६ मोल, त्यात तेलाची साधारण २.४ टक्के उष्णता गेली. हवा आणखी सोडली तर मोनॉक्साइड घटेल, परंतु जादा हवा तापवून धुराड्याबाहेर सोडण्याचा खर्च वाढेल. या दोहोंचा मध्य शोधणे हीच भट्टीवाल्याची खरी कसोटी.

काजळीचे खाते मात्र या रीतीने नीट मांडता येत नाही. काजळी हा घन कार्बन असल्याने तो उपकरणाच्या तोंडाशी बसवलेल्या कापसातच अडकतो. तत्त्वतः पाहता तितका कार्बन वायूच्या खात्यातून गहाळ होऊन हायड्रोजनचे प्रमाण फुगलेले दिसावयास हवे. परंतु वरच्या उदाहरणात डायऑक्साइडचे वाचन अवघ्या एक दशांश टक्क्याने चुकले तरी १.९२ चे १.८७ होते, उलट धूर काळाकुट्ट दिसत असतानाही काजळीत गेलेला कार्बन बहुधा तेलाच्या एक टक्क्याच्या आतच असतो. म्हणून काजळी वायूच्या जमाखर्चातून काढू पाहणे निरर्थक होय. गाडीच्या धूरतपासणी केंद्रावर पेट्रोलच्या गाडीचा मोनॉक्साइड टक्क्यांत मोजतात आणि डिझेलच्या गाडीच्या धुरातून प्रकाश किती अडतो ते पाहतात, त्या भेदामागे हेही एक कारण आहे.

उंचीचा परिणाम या दोन जिल्ह्यांत जितका सहज पाहता येतो तितका महाराष्ट्रात क्वचितच इतरत्र दिसेल. कृष्णा महाबळेश्वरला सुमारे साडेतेराशे मीटरांवर उगम पावते आणि सांगलीपर्यंत येता येता आठशे मीटर खाली उतरते. इंजिन प्रत्येक खेपेला ठरावीक आकारमानाची हवा ओढते, ठरावीक वजनाची नव्हे; आणि महाबळेश्वरी हवेचा दाब सांगलीपेक्षा सुमारे नऊ टक्क्यांनी कमी असतो. थंडीमुळे हवा थोडी दाट होऊन त्यातील काही अंश भरून निघतो, तरी तूट राहतेच. सांगलीत पूर्ण भाराला तीस टक्के जादा हवेवर स्वच्छ चालणारे इंजिन तितकेच तेल घेऊन वर गेले की जादा हवा वीस टक्क्यांच्या आसपास येते, आणि डिझेल इंजिन साधारणपणे याच सीमेवर काळा धूर सोडू लागते. वाईहून पसरणीचा घाट चढणारी मालमोटार शेवटच्या वळणांवर अधिक काळी होते, याला चढणीचा भार जसा कारण तशी ही विरळ हवाही कारण. उपाय एकच: वर कायम चालवावयाच्या इंजिनाला फ्युएल पंपावर तेल कमी बांधून द्यावे आणि तितकी शक्ती कमी मिळणार हे पत्करावे.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा हिशेब. पंप पाणी वर फेकू शकतो, पण खालून ओढण्यास त्याला मर्यादा आहे; आपल्या उंचीवर सिद्धांताने साडेनऊ मीटरांच्या आसपास आणि व्यवहारात सहा-सात मीटरच. जत, आटपाडी, माण, खटाव या अवर्षणाच्या तालुक्यांत विहिरीचे पाणी त्याहून खाली गेले की इंजिन व पंप विहिरीच्या आतल्या कट्ट्यावर उतरवण्याची पाळी येते. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत पाण्यावर दहा मीटर पोकळी असेल तर तीत १,९६,००० लिटर हवा मावते. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भाराला तासाला सुमारे एक किलो तेल जाळते. सुस्थितीतील डिझेल इंजिनाच्या धुरात मोनॉक्साइड टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच असतो हे खरे. परंतु नोझल बिघडलेल्या, भार न पेलणाऱ्या इंजिनात वरच्या भट्टीप्रमाणे ३.६ मोल निघाले असे धरले, तर सांगलीच्या हवेत मोलास सुमारे २६ लिटर या हिशेबाने तासाला ९४ लिटर मोनॉक्साइड झाला. धुराडे विहिरीतच सुटत असेल आणि हवा खेळती नसेल, तर एका तासात दहा लाख भागांत ४८० भाग इतके त्याचे प्रमाण होते. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेपटींहून अधिक घट्ट धरते. दहा लाखांत चारशे भागांच्या हवेत एक-दोन तासांत डोके ठणकू लागते आणि तीन तासांनंतर जिवाला धोका संभवतो. त्यातही वाईट असे, की इंजिन स्वतःच टाकलेली ही हवा पुन्हा ओढते. तीत प्राणवायू कमी, म्हणून ज्वलन अधिक अपुरे आणि पुढच्या तासाचा आकडा पहिल्यापेक्षा मोठा.

म्हणून ज्यांच्या विहिरीत इंजिन उतरलेले असेल त्यांना कळकळीची विनंती आहे, की धुराड्याचा पाइप सांधे घट्ट करून काठाच्या वर माणसाच्या उंचीइतका न्यावा. इंजिन चालू असता किंवा नुकतेच बंद केले असता आत उतरू नये. आणि कोणी आत कोसळलेला दिसला तर कमरेला दोर बांधल्यावाचून, दोराचे दुसरे टोक काठावरच्या दोघा-तिघांच्या हाती दिल्यावाचून आणि ताजी हवा खाली सोडल्यावाचून त्याच्यामागे उतरू नये.